उष्ट्या रेकॉर्डी

१

नवऱ्याने ब्लूजची रेकॉर्ड लावली की ती म्हणायची, "झालं यांचं रडगाणं सुरू," आणि मागच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायची. नवऱ्याला हा शब्द इतका पसंत पडला की त्याने आपल्या रेकॉर्डवेड्या मित्रांच्या टोळक्याचं नावच 'रडगाणी मंडळ' ठेवून टाकलं. बायकोने नावं ठेवावीत आणि नवऱ्याने ती कौतुकाने मिरवावीत, असा तो संसार होता.

तिला गाण्याचं वावडं होतं असं नाही. ती कानाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची चाचणी घ्यायची. आवाज शोषून घेणाऱ्या भिंतींची एक छोटी खोली, आत हेडफोन लावून बसलेला पेशंट आणि काचेबाहेर ती. तिने बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. दिवसभर हे करून घरी आल्यावर तिला फक्त शांतता हवी असायची. घरातलं ते दार मात्र आडमुठं होतं. चौकट फुगलेली, त्यामुळे एकदा ओढून भागायचं नाही, मूठ जरा वर उचलून पुन्हा दाबावं लागायचं. आधी एक जाड आवाज, मग जरा थांबून एक बारीक. आत बसलेला नवरा त्यावर कधी काही बोलला नाही.

मंडळ रविवारी सकाळी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचं. तिथे एकमेकांना रॉकचे आणि ब्लूजचे अल्बम सुचवायचे, त्यांवरून भांडायचं आणि चहा प्यायचा. सुचवण्याचा एक कडक नियम होता. आठवणीवर विसंबून शिफारस करायची नाही. ज्या दिवशी रेकॉर्ड दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्याच दिवशी आधी ती आपण एकट्याने बसून शेवटपर्यंत ऐकायची. याला ते 'उष्टी करणं' म्हणत. उष्टी न केलेली रेकॉर्ड कुणी पुढे केली तर बाकीचे तिला हात लावत नसत. नवरा या बाबतीत सगळ्यांत कर्मठ. शिवाय अल्बम दुसऱ्या बाजूने सुरू करायचा हा त्याचा हट्ट. पहिली बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि दुसरी स्वतःसाठी, असं तो म्हणायचा, म्हणून मंडळात त्याचं नावच 'दुसरी बाजू' पडलं होतं.

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. शेवटी शेवटी दवाखान्यात त्याची शुद्ध हरपली होती, पण बोटं चादरीवर कसला तरी ठेका धरत होती. तिला तो ठेका ओळखता आला नाही आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं. बाजाराच्या पिशव्या उचलणारा, लेकीला गणितं शिकवणारा, कुलूप लावलं का म्हणून दोनदा बघणारा नवरा तिला पाठ होता. त्या खोलीतला नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता.

आणि मग एका दुपारी चष्मेवाला दारात उभा राहिला. त्याच्या हातात एक रेकॉर्ड होती. ही त्यांची, परत करायची राहून गेली होती वहिनी, असं म्हणून त्याने ती नीट दोन्ही हातांनी दिली. चहालाही थांबला नाही.

२

रेकॉर्ड लगेच फळीवर ठेवून द्यायची असं तिने ठरवलं होतं. पण मागच्या खोलीत गेल्यावर तिला वाटलं, एकदा ऐकून तर बघू. खोली होती तशीच होती. भिंतीला जुना गालिचा ठोकलेला, फळीवर रेकॉर्ड प्लेयर, दोन स्पीकर आणि त्यांच्या समोर एकच लाकडी खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवायला तिथे जागाच नव्हती. ती खुर्चीत बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली. दार उघडं होतं आणि मागे सरकू नये म्हणून त्याला लाकडाची पाचर लावलेली होती.

तिने नवऱ्यासारखी दुसरी बाजू लावली. एक माणूस आणि एक गिटार. गाणाऱ्याचा आवाज म्हाताऱ्याचा होता, पण गिटार तरणीबांड. पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुणीतरी घसा खाकरला, खुर्ची करकरली आणि मग दार लागलं. आधी एक जाड आवाज, मग जरा थांबून एक बारीक.

तिने वळून पाहिलं. दार उघडंच होतं. पाचर जागच्या जागी होती.

सुई मागे नेऊन तिने पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच, त्याच जागी. मग ती स्वतःशीच हसली. जगात दारं काय थोडी आहेत? जुन्या काळी कुठल्या तरी खोलीत रेकॉर्डिंग झालं असेल, कुणीतरी उठून गेलं असेल. शिवाय सुई वाचते, लिहीत नाही. कारखान्यात जे दाबलं गेलं तेच तिथे असणार. सगळं बरोबर होतं. फक्त आवाज बाहेरून आला नव्हता. ते दार कुणीतरी आत बसून ऐकलं होतं, आणि तिने आयुष्यभर ते बाहेरूनच ऐकलं होतं. आतून ते किती मोठं वाटत असेल, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

३

रविवारी ती चष्मेवाल्याच्या दुकानात गेली. मंडळी चपापली, मग सगळ्यांनी एकदमच तिला जागा करून दिली. तिथे एक बेकरीवाली होती, वयाने सगळ्यांत लहान आणि मतांनी सगळ्यांत मोठी. ती तेव्हा एका रॉक बँडची वकिली करत होती. गिटार रडते असे अल्बम पैशाला पासरी मिळतात, तिचं म्हणणं, पण या अल्बममधली गिटार रडून झाल्यावर तोंड धुऊन कामाला लागते. चष्मेवाला म्हणाला, हिचा ड्रमवाला पगार न मिळाल्यासारखा वाजवतो. खूप हशा झाला, तीही हसली. नवरा दर रविवारी इतका खुशीत का परतायचा ते तिला कळलं.

जरा वेळाने तिने रेकॉर्ड पुढे ठेवली आणि सहज विचारल्यासारखं करून त्या दाराबद्दल विचारलं. आपल्याला वेड्यात काढतील असं तिला वाटत होतं. पण बेकरीवालीचे डोळे चमकले.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं. वहिनी, हा अल्बम ऐकायचाच मुळी त्या दारासाठी. कुणीतरी त्याला सोडून जातं, आणि तो गातच राहतो. मी कितीतरी जणांना सुचवलाय, केवळ त्या दारासाठी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते दार सगळ्यांच्या ओळखीचं होतं. चष्मेवाल्याला तर ते इतकं आवडलं होतं की त्याने त्याच अल्बमची स्वतःसाठी दुसरी प्रत शोधून घेतली होती. त्याने ती लावून दाखवली. पहिलं गाणं संपलं, शांतता आली आणि दुसरं गाणं सुरू झालं. खाकरणं नाही, खुर्ची नाही, दार नाही.

"छपाई वेगळी," चष्मेवाला म्हणाला. "नंतरच्या छपाईत कंपनीने साफसूफ केलंय. वहिनी, तुमची प्रत दुर्मीळ आहे, जपा."

त्यावर नेमकी कुठली छपाई आधीची यावरून बराच वाद रंगला. यांतल्या एकालाही ते दार तिच्या घरातलं असेल असं वाटणं शक्य नव्हतं, कारण यांतल्या एकानेही ते दार कधी पाहिलं नव्हतं. नवराच नेहमी रेकॉर्ड घेऊन इथे यायचा. त्याने उष्टी करून दिलेलं अजून काही कुणाकडे आहे का, असं तिने विचारलं. चष्मेवाल्याने कपाटातून एक काढून दिली. हीसुद्धा तशाच छपाईची दिसतेय, तो म्हणाला. यातही दार आहे.

४

या रेकॉर्डमध्ये चौघांचा बँड होता. दार लागलं ते एका लांबलचक गाण्यात, सगळी वाद्यं हळू होत जाऊन नुसती झांज थरथरत राहते त्या ठिकाणी. ती कान टवकारून बसली होती. हो, आता ती खुर्चीत बसायला लागली होती. दाराचा बारीक आवाज विरला आणि एक पुरुष हलकेच म्हणाला, "गेली."

हा आवाज ओळखायला तिला कसल्याही यंत्राची गरज नव्हती. पुढे तो आणखी काही म्हणाला, पण तेवढ्यात ड्रम कोसळले आणि बोलणं त्याखाली गाडलं गेलं.

तिने ती जागा इतक्यांदा ऐकली की बाहेर दिवेलागण झाली तरी तिला पत्ता नव्हता. 'गेली' म्हणताना तो रागावलेला नव्हता. कुठेतरी वाट पाहणं होतं त्या आवाजात. पुढचे शब्द तिला हवे होते. आयुष्यभर ज्या खोलीचं दार ती ओढून घेत आली, त्या खोलीत तो तिच्या पाठीमागे काय बोलायचा, एवढंच तिला ऐकायचं होतं. त्यासाठी तिचा जीव नुसता तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने सोबतच्या मदतनीस मुलीला सांगितलं, माझेच कान तपास. ती आत बसली, हेडफोन लावला. आवाज शोषणाऱ्या त्या खोलीत आपल्याच रक्ताचा घोष ऐकू येतो. चाचणी झाल्यावर मदतनीस म्हणाली की कान अगदी उत्तम आहेत, फक्त मधे एकदोनदा मी काही सोडलेलं नसताना तुम्ही बटण दाबलंत.

हे तिला चांगलंच माहीत होतं. ज्याला ऐकू यावं अशी फार इच्छा असते तो सूर नसतानाही बटण दाबतो. म्हाताऱ्या पेशंटांना ती स्वतःच हे हसत हसत समजावून सांगायची. पण चष्मेवाला, बेकरीवाली, ती सगळीच मंडळी, यांनी कशासाठी बटण दाबलं असतं?

५

लेकीने फोनवर विचारलं, आई, तू हल्ली बाबांच्या रेकॉर्डी ऐकतेस म्हणे. लेकीला बरं वाटत होतं. आईचं मन रमतंय असा तिचा समज झाला. तिने लेकीला हो म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

घरातल्या फळीवरच्या रेकॉर्डी तिने एकेक करून लावून पाहिल्या. त्यांत गाण्यांशिवाय काही नव्हतं. जे त्याने कुणाला सुचवायला म्हणून ऐकलं होतं, तेवढ्यातच ते दार होतं. म्हणून ती बेकरीत गेली. भट्टीची ऊब, पिठाने पांढरा झालेला काउंटर. बेकरीवाली हात पुसत पुढे आली. अजून काहीतरी सुचव, तिने बेकरीवालीला म्हटलं, म्हणजे त्याने तुला सुचवलेलं. बेकरीवालीने माळ्यावर जाऊन एक रेकॉर्ड आणली आणि देताना म्हणाली की यात दार तर आहेच, पण पुढे जे आहे त्याला तोड नाही.

घरी येऊन तिने चप्पलसुद्धा न काढता ती लावली. या वेळी दाराखाली गाणं फार हळू होतं.

"गेली," नवरा म्हणाला. "आता ये."

पावलं वाजली. अनवाणी, हलकी. ती खोलीच्या आतल्या आत कुठून तरी आली, दाराकडून नाही. दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग एक बाई हसली, अगदी थोडंसं, घरातलं माणूस हसतं तसं. आणि दोघं गप्प बसून गाणं ऐकू लागली.

 तिला आधी आला तो साधा, कुठल्याही बाईला यावा तसा राग. एवढ्याशा खोलीत, तिच्या नाकावर टिच्चून. मग तिला आठवलं की आपण कितीदा तरी काही न सांगता दार ढकलून आत गेलो आहोत, कपडे ठेवायला, पंखा बंद करायला, आणि तिथे तो एकटाच असायचा. नेहमी एकटाच.

ती तडक बेकरीत परत गेली. लाजलज्जा गुंडाळून ठेवून विचारलं, त्यांच्याकडे कुणी बाई यायची का? बेकरीवाली तिच्याकडे पाहतच राहिली.

"वहिनी, काय बोलताय? ते रविवारी निम्मा वेळ तुमच्याबद्दलच बोलायचे. म्हणायचे, एक दिवस ती आत येऊन बसेल, मग मी तिला पहिल्यांदा काय ऐकवीन ते ठरवून ठेवलंय."

"मग त्या रेकॉर्डवर हसतं कोण?"

 बेकरीवालीने काउंटरवरचं पीठ हाताने एकीकडे गोळा केलं.

"मला कायम वाटायचं, गाणाऱ्याच्या बरोबरची कुणी असेल," ती म्हणाली. "पण त्या रविवारी ड्रमवाल्याच्या पगारावरून तुम्ही हसलात ना, तेव्हा मी दचकले. ते हसणं तुमचं आहे, वहिनी. हुबेहूब तुमचं."

मग तिने आणखी एक रेकॉर्ड आणून दिली. त्याने मंडळात सुचवलेली ही शेवटची, ती म्हणाली. मी अजून ऐकलेली नाही. ऐकली की संपलं असं वाटायचं.

६

तिने सकाळची वेळ निवडली. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाचर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दार तिने आतून लावलं. मूठ वर उचलून दाबावी लागली. मग खुर्चीत बसली, दुसरी बाजू लावली आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

ब्लूजच. संथ, उगाच कुणाच्या मनधरण्या न करणारा. रेकॉर्डवर दार लागलं. तो गेली म्हणाला, आता ये म्हणाला. पावलं आली, खुर्ची सरकली. ते आवाज आता स्पीकरमधून येत नव्हते, किंवा येत असतील, तिला सांगता आलं नसतं. दुसरी खुर्ची सरकली ती तिच्या उजव्या हाताला, जिथे भिंत होती.

"आता ऐक हं," तो म्हणाला. "इथे तो चुकतो. आणि चुकला म्हणून थांबत नाही, त्या चुकीचंच गाणं करतो. बघ."

"ऐकतेय," ती दुसरी म्हणाली.

गिटार अडखळली आणि सावरली. दोघं एकदम हसली. मग तो तिला पुढचं सांगायला लागला, कुठल्या गाण्यात काय येणार, कुठे कान द्यायचा, आणि त्याच्या आवाजात असं काही सुख होतं की खुर्चीत बसलेल्या तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हा तिचा नवरा होता. हाच तिला पाहायचा होता. ठेका धरलेली त्याची बोटं लाकडावर वाजत होती, इतक्या जवळ की हात पुढे केला असता तर लागली असती. तो हात पुढे करायचा धीर तिला झाला नाही, पण जिभेला आवरणंही जमलं नाही.

"अहो," ती म्हणाली. "मी गेले नाहीये. इथेच बसलेय."

बोटं थांबली. गाणं चालूच होतं, पण त्यामागची खोली एकदम गप्प झाली. कान देऊन ऐकणारी माणसं गप्प होतात तशी.

"कुणी बोललं का?" तो म्हणाला.

त्यावर ती दुसरी बोलली. तिच्याच आवाजात, तिच्यापेक्षा कितीतरी प्रेमळपणे.

"कुणी नाही हो. वारा असेल. तुम्ही सांगा पुढे."

तो थोडा वेळ घुटमळला. मग बोटं पुन्हा वाजू लागली आणि तो पुढे सांगू लागला, पण आवाज उतरलेला होता, मधेच थांबत होता, कुणीतरी खोलीत असल्याचा संशय आल्यासारखा. त्यातच बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत एकसारखी टिकटिकत राहिली. बाहेर गाडी धुणारा माणूस बादली घेऊन निघून गेला होता.

ती उठली. चेहरा पदराने कोरडा केला आणि सुई उचलून बाजूच्या सुरुवातीला नेऊन ठेवली. खुर्चीत परत बसताना तिने खुर्ची करकरू दिली नाही. दार लागलं. तो म्हणाला, गेली. पावलं आली, आणि तो सांगू लागला, आता ऐक हं, इथे. ती ऐकत राहिली, आणि त्याला पुन्हा वारा लागू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत राहिली.